द्विनेत्री आणि दुर्बिणीतून उल्कानिरीक्षण: कितपत शक्य, कितपत उपयुक्त?

नवनिरीक्षक

नमस्कार. माझ्याकडे १०×५० ची (दहापट वर्धनाची, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री आणि २० सेंटिमीटर आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. दीर्घिका किंवा तारकागुच्छ पाहत असताना दृष्टिक्षेत्राच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे अंधूक रेघ सरकून जाते, असे अधूनमधून घडते. त्या क्षणी नेत्रिकेवरून डोळा काढून वर पाहिले तर आकाशात काहीच दिसलेले नसते, शेजारी उभ्या असलेल्यालाही काही जाणवलेले नसते.

उल्का नुसत्या डोळ्यांनी पाहाव्यात, कारण उपकरणातून आकाशाचा फारच थोडा भाग दिसतो, हे प्राथमिक पुस्तकांतून वाचलेले आहे आणि ते मला पटतेही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या अंधूक रेघा खरोखर उल्का असतील, तर त्यांचे निरीक्षण योगायोगावर न सोडता ठरवून करता येते का? करायचे झाल्यास माझ्याकडील दोन उपकरणांपैकी कोणते वापरावे? आणि अशा नोंदींचा अभ्यासाला काही उपयोग होतो, की ती केवळ निरीक्षकाची हौस राहते?

शततारका

आपण पाहिलेल्या रेघांपैकी बहुतेक उल्काच असाव्यात. नुसत्या डोळ्यांना उत्तम आकाशात साधारण साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात (प्रत म्हणजे तेजस्वितेची श्रेणी, आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक), परंतु उल्का काही त्या मर्यादेपाशी थांबत नाहीत. उलट जितके अंधूक जावे तितक्या त्या संख्येने वाढत जातात. एका प्रतीच्या उल्कांची संख्या आणि तिच्याहून एका प्रतीने अंधूक असलेल्या उल्कांची संख्या यांचे गुणोत्तर निरीक्षक नेहमी काढतात. कोणत्याही उल्कावर्षावाशी संबंध नसलेल्या तुरळक उल्कांसाठी ते सुमारे ३ येते, तर ययाती तारकासमूहातून येताना दिसणाऱ्या पर्सिड्स वर्षावासाठी सुमारे २.२ येते. म्हणजे तुरळक उल्कांमध्ये सातव्या प्रतीच्या जेवढ्या, त्याच्या तिपटीने आठव्या प्रतीच्या आणि नऊपटीने नवव्या प्रतीच्या असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, एवढेच.

मग द्विनेत्रीतून उल्कांचा पाऊस का दिसत नाही, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नुसत्या डोळ्यांनी आकाशाकडे पाहणाऱ्याच्या नजरेच्या कक्षेत साधारण १०० अंश व्यासाचा भाग येतो, असे धरू. त्याचे क्षेत्रफळ ७३०० चौरस अंशांहून थोडे अधिक भरते. आपल्या द्विनेत्रीचे दृष्टिक्षेत्र साडेसहा अंशांचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३३ चौरस अंश होते, म्हणजे सव्वादोनशे पटींच्या आसपास कमी. त्याच्या बदल्यात आपण तीन प्रती खाली उतरतो. तुरळक उल्कांसाठी तीनचा घन २७, म्हणजे एकूण दिसणाऱ्या उल्का नुसत्या डोळ्यांच्या तुलनेत साधारण आठव्या हिश्शाने. पर्सिड्ससाठी २.२ चा घन साडेदहाच्या वर थोडा, म्हणजे एकविसाव्या हिश्शाने. ज्या वर्षावात ठळक उल्का भरपूर असतात तो वर्षाव द्विनेत्रीतून निराशाजनक वाटतो, याचे कारण या एका घनात दडलेले आहे.

हा हिशेब थोडा निराशेच्या बाजूला झुकलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. नुसता डोळा १०० अंशांच्या कडेला असलेली पाचव्या-सहाव्या प्रतीची उल्का क्वचितच टिपतो, तर द्विनेत्रीच्या लहान क्षेत्रात सर्वच भाग दृष्टीच्या मध्याजवळ असतो. त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती आकड्यांइतकी वाईट नसते. तरीही तासाभराच्या निरीक्षणात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उल्का मिळतील, अशी मनाची तयारी ठेवूनच बसावे.

आता उपकरणाविषयी. येथे डॉब्सोनियन बाजूला ठेवावी आणि द्विनेत्री घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ३० मिलिमीटरची नेत्रिका लावली तर आपली दुर्बीण ४० पट वर्धन देईल आणि दृष्टिक्षेत्र सव्वा ते दीड अंशाचे मिळेल. सव्वा अंश धरल्यास द्विनेत्रीच्या तुलनेत क्षेत्रफळ २७ पटींनी घटते. पन्नास मिलिमीटरवरून २०० मिलिमीटरवर गेल्याने ताऱ्यांच्या बाबतीत तीन प्रतींचा लाभ होतो, आणि तीनचा घन पुन्हा २७. म्हणजे कागदावर दोन्ही उपकरणे बरोबरीची ठरतात. परंतु तारा स्थिर असतो आणि उल्का धावत असते. वर्धन जेवढे वाढवावे तेवढ्याच पटीने उल्केचा डोळ्याला जाणवणारा वेगही वाढतो, तिचा प्रकाश दृष्टिपटलावरील अधिकाधिक पेशींवर वाटला जातो, आणि जी प्रत ताऱ्याच्या रूपात सहज दिसली असती ती उल्केच्या रूपात दिसत नाही. त्यामुळे दुर्बिणीला कागदावर मिळालेल्या तीन प्रतींपैकी मोठा वाटा प्रत्यक्षात हातून जातो. कमी वर्धन, मोठे दृष्टिक्षेत्र आणि अंधाराला सरावलेल्या बाहुलीत मावेल एवढी प्रकाशशलाका, या तीन गोष्टी एकत्र येतात त्या ७×५० किंवा १०×५० मध्येच.

रात्रपाळी

वरील हिशेबाशी माझे दुमत नाही, परंतु उपयुक्ततेचा प्रश्न त्यात अनुत्तरित राहिला आहे आणि त्याचे उत्तर थोडे कठोरपणे द्यावे लागेल.

दुर्बिणीतून दिसणाऱ्या उल्कांच्या नोंदींना मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिस्टलच्या विल्यम डेनिंग यांनी धूमकेतू शोधताना दृष्टिक्षेत्रातून जाणाऱ्या उल्कांची दखल घेतली. विसाव्या शतकात स्लोव्हाकियातील स्कालनाते प्लेसो वेधशाळेत २५×१०० च्या भल्यामोठ्या द्विनेत्रींतून धूमकेतूंचा शोध चाले, आणि त्या शोधाच्या ओघात जमलेल्या अंधूक उल्कांच्या नोंदींवर तेथे गंभीर संशोधन झाले. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा डोळ्यांनी, छायाचित्रांनी आणि रेडिओने होणाऱ्या निरीक्षणांच्या जोडीला दुर्बिणीतील निरीक्षण ही स्वतंत्र शाखा मानली गेली.

परंतु त्यानंतर कॅमेरे आले. संवेदनशील व्हिडिओ कॅमेरा रात्रभर डोळा न मिटता बघतो, प्रत्येक उल्केची वेळ आणि मार्ग नोंदवतो, आणि दोन ठिकाणचे कॅमेरे एकच उल्का टिपत असतील तर तिची कक्षाही काढता येते. जपानमधील किसो वेधशाळेच्या १०५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीवर बसवलेल्या तोमोए गोझेन या कॅमेऱ्याने तर रडारच्या साथीने अतिशय अंधूक उल्कांचा अभ्यास केलेला आहे. अशा स्थितीत एका माणसाने द्विनेत्रीला डोळे लावून तासाला चार रेघा कागदावर काढणे याला संशोधनात आज फार मोठे स्थान उरलेले नाही, हे स्वीकारूनच या कामाला हात घालावा. हौस म्हणून करण्यात मात्र काहीच कमीपणा नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. उल्का सुमारे १०० किलोमीटरवर असते, अनंत अंतरावर नव्हे, त्यामुळे ताऱ्यांवर केंद्रित केलेल्या मोठ्या दुर्बिणीत ती किंचित अस्पष्ट दिसते. एक मीटर व्यासाच्या आरशासाठी ही अस्पष्टता दोन विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) थोडी वर जाते. आपल्या २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीत ती अर्ध्या विकलेपेक्षाही कमी असल्याने तिची काळजी करण्याचे कारण नाही.

नवनिरीक्षक

दोघांचेही आभार. द्विनेत्री घ्यावी हे समजले, आणि संशोधनाची आशा बेताची ठेवावी हेही समजले. तरी काम नीट शिकावे अशी इच्छा आहे. द्विनेत्री आकाशात नेमकी कोठे रोखावी? वर्षावाच्या उगमबिंदूवरच, म्हणजे त्यातील सर्व उल्का आकाशातील ज्या बिंदूपासून फाकल्यासारख्या दिसतात तेथेच, रोखली तर अधिक उल्का मिळतील का? आणि उपग्रहांची आता एवढी गर्दी झाली आहे की अंधूक रेघ पाहून ती उल्का आहे असे खात्रीने कसे म्हणायचे?

खगोलरेघ

उगमबिंदूवर रोखू नये आणि त्याच्यापासून फार दूरही रोखू नये. कारण वेगात आहे.

उल्केचा आकाशातील कोनीय वेग तिच्या खऱ्या वेगावर अवलंबून असतो, तिच्या अंतरावर अवलंबून असतो आणि ती उगमबिंदूपासून किती अंशांवर दिसते यावरही अवलंबून असतो. पर्सिड्सचा वातावरणातील प्रवेशाचा वेग सेकंदाला ५९ किलोमीटर आहे. अशी उल्का १०० किलोमीटरवर, उगमबिंदूपासून ९० अंशांवर दिसली तर ती सेकंदाला ३४ अंश धावेल आणि आपले साडेसहा अंशांचे क्षेत्र एक पंचमांश सेकंदात ओलांडेल. दहापट वर्धनामुळे डोळ्याला हा वेग सेकंदाला ३४० अंश भासतो, आणि तेवढ्या वेगाची अंधूक रेघ दिसण्याची शक्यता नाहीच्या जवळ जाते. तीच उल्का उगमबिंदूपासून १५ अंशांवर असेल तर तिचा कोनीय वेग सेकंदाला ९ अंशांपर्यंत उतरतो आणि क्षेत्र ओलांडायला तिला पाऊण सेकंद मिळतो. मिथुनेतून येणाऱ्या जेमिनिड्स वर्षावातील उल्कांचा वेग मुळातच सेकंदाला ३५ किलोमीटर असल्याने त्याच ठिकाणी त्या सेकंदाला जेमतेम ५ अंश सरकतात. द्विनेत्रीसाठी जेमिनिड्स उत्तम आणि सेकंदाला ७१ किलोमीटरने येणाऱ्या, सिंह राशीतल्या लिओनिड्स अवघड, याचा उलगडा येथे होतो.

मग थेट उगमबिंदूवरच का नको? तेथे उल्का इतक्या आखूड दिसतात की त्यांची दिशा ठरवता येत नाही, आणि या निरीक्षणात दिशा हाच सगळ्यात मौल्यवान भाग आहे. यासाठी उगमबिंदूपासून साधारण १० ते २० अंशांवर दोन क्षेत्रे निवडतात. त्यांपैकी एक उगमबिंदूच्या उत्तरेला असेल तर दुसरे पूर्वेला किंवा पश्चिमेला घेतात, म्हणजे दोन्ही क्षेत्रांतील उल्कांचे मार्ग मागे वाढवले असता ते एकमेकांना जवळपास काटकोनात छेदतात आणि उगमबिंदूची जागा दोन्ही दिशांनी बांधली जाते. एकाच क्षेत्राकडे रात्रभर पाहिले तर सर्व मार्ग जवळपास समांतर येतात आणि ते नेमके कोठे मिळतात हे सांगता येत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने क्षेत्र बदलत राहावे. क्षेत्र क्षितिजापासून निदान ५० अंश उंच असावे आणि त्यात मार्ग बांधायला पुरेसे तारे असावेत. आकाशगंगेच्या ऐन गर्दीत मात्र क्षेत्र घेऊ नये, कारण तेथे नकाशातील तारे ओळखण्यातच रात्र संपते.

रात्रपाळी यांच्या मताला येथे थोडी पुरवणी जोडतो. नुसत्या डोळ्यांनी आखलेल्या मार्गात काही अंशांची चूक सहज होते. द्विनेत्रीत आजूबाजूला बारीक तारे दाटीने असतात आणि सर्व काही दहापट मोठे दिसते, त्यामुळे तीच चूक अंशाच्या लहानशा भागापर्यंत खाली येते. उगमबिंदू हा एक ठिपका आहे, लांबट पट्टा आहे की त्यात उपकेंद्रे आहेत, असले प्रश्न विचारण्याची ताकद या अचूकतेतून आली. दुर्बिणीतून दिसणाऱ्या जेमिनिड्स एका लांबट भागातून येतात आणि त्यात तीन उपकेंद्रे असावीत, असा निष्कर्ष याच प्रकारच्या निरीक्षणांतून पुढे आलेला आहे. तेव्हा हौसच म्हणायची झाली तर ही बरीच शिस्तीची हौस आहे.

नोंदीसाठी नोमोनिक प्रक्षेपणाचा नकाशा वापरावा. या प्रक्षेपणात आकाशातील प्रत्येक बृहद्वृत्त (खगोलाचे दोन समान भाग करणारे वर्तुळ) सरळ रेषेत उमटते, आणि उल्केचा मार्ग बृहद्वृत्ताचा तुकडा असल्याने तो पट्टीने मागे वाढवता येतो. साडेसहा अंशांच्या क्षेत्रात कोणताही नकाशा चालून जाईल, परंतु मार्ग १५ अंश मागे न्यायचा असेल तर साधा तारानकाशा फसवतो. उल्का दिसल्याबरोबर नजर तिच्या मार्गावरच रोखून ठेवावी, ती कोणत्या दोन ताऱ्यांमधून गेली आणि कोणत्या ताऱ्याच्या किती जवळून गेली हे मनाशी पक्के करावे, आणि मगच मंद लाल उजेडात कागदाकडे वळावे. तिची प्रत क्षेत्रातीलच ताऱ्यांशी ताडून ठरवावी. वेळ, अंदाजे वेग आणि मार्ग किती खात्रीचा वाटतो याची श्रेणी एवढे त्यासोबत लिहावे. उल्केचा आरंभ व शेवट क्षेत्राच्या आत होता की बाहेर, ही नोंद नवीन निरीक्षक हमखास विसरतात. क्षेत्रात अर्धवट दिसलेली उल्का आणि क्षेत्रातच पेटून विझलेली उल्का यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

क्षितिज

उपग्रहांची शंका हिशेबानेच फिटते. ५०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो आणि डोक्यावर असताना त्याचा कोनीय वेग सेकंदाला एका अंशाहूनही थोडा कमी भरतो. साडेसहा अंशांचे क्षेत्र ओलांडायला त्याला सात-आठ सेकंद लागतात, आणि क्षितिजाकडे झुकलेला असेल तर त्याहूनही अधिक. त्यामुळे एका सेकंदाच्या आत क्षेत्र पार करणारी रेघ उपग्रहाची असू शकत नाही. सावकाश, एकसारख्या प्रकाशाने सरकणारा ठिपका नोंदीत घेऊ नये. एखादा उपग्रह मध्येच लकाकतो किंवा पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो, परंतु त्याची चाल संथच राहते.

खरी फसगत होते ती कीटकांनी आणि रात्री उडणाऱ्या पक्ष्यांनी. त्यांची रेघ पसरट व धूसर असते आणि बहुधा वाकडी जाते. संशय असेल तर नोंद गाळावी. चुकीची एक रेघ उगमबिंदूच्या आलेखात जेवढा गोंधळ घालते, तेवढे नुकसान गाळलेल्या एका उल्केने होत नाही.

बैठकीविषयीही थोडे सांगतो. द्विनेत्री हातात धरून हे काम होत नाही. ती तिपाईवर किंवा समतोल दांड्यावर बसवावी आणि आपण कलत्या खुर्चीत असे बसावे की मान वर ताणावी लागणार नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे द्यावीत. क्षेत्राच्या मध्याकडे टक लावून पाहू नये, नजर सैलपणे सर्व क्षेत्रावर फिरती ठेवावी, कारण अंधूक हालचाल दृष्टीच्या कडेने अधिक चांगली कळते. तासाभराने विश्रांती घ्यावी. थकलेल्या डोळ्यांना न पडलेल्या उल्काही दिसू लागतात.

शततारका

द्विनेत्रीचा आणखी एक उपयोग येथे राहून गेला, आणि त्यासाठी क्षेत्र निवडणे वगैरे काही करावे लागत नाही. एखादी फार तेजस्वी उल्का जाते तेव्हा तिच्या मागे कधी कधी प्रकाशाचा माग रेंगाळतो. डोळ्याला तो काही सेकंदांत विझलेला वाटतो, पण द्विनेत्री जवळ असेल आणि ती त्वरित तिकडे वळवली तर तोच माग बराच वेळ, क्वचित काही मिनिटेही दिसत राहतो. सुरुवातीला सरळ असलेली ती रेघ हळूहळू वाकते, तिला वेटोळी पडतात आणि ती पसरून विरते. ८० ते १०० किलोमीटर उंचीवर वेगवेगळ्या थरांतील वारे वेगवेगळ्या दिशांनी वाहतात, ते या वेटोळ्यांतून डोळ्यांनी पाहायला मिळते. १९९८ साली लिओनिड्सच्या काळात अग्निगोलांची जी रात्र झाली, तीत असे माग अनेकांना पाहता आले. लिओनिड्स द्विनेत्रीतून आखायला अवघड आहेत हे खरे, पण त्यांचा वेगच अशा मागांना अनुकूल ठरतो. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी उल्का मोजत असतानाही द्विनेत्री गळ्यात अडकवलेली असावी, आणि तिचे केंद्रीकरण ताऱ्यांवर आधीच करून ठेवलेले असावे. माग दिसल्यावर दर अर्ध्या मिनिटाला त्याचे एक साधे रेखाचित्र वेळेसह काढले तर तो कोणत्या बाजूला आणि किती सरकला हे नंतर सांगता येते.

नवनिरीक्षक

मग सुरुवात जेमिनिड्सने करतो. त्यांचा कमाल भर १३-१४ डिसेंबरला असतो, तेव्हा त्याच रात्री बसावे ना?

खगोलरेघ

द्विनेत्रीसाठी एक रात्र आधी बसावे. जेमिनिड्सच्या प्रवाहात लहान आणि मोठे कण एकसारखे मिसळलेले नाहीत. सूर्यप्रकाशाचा परिणाम कणाच्या आकारानुसार बदलतो आणि काळाच्या ओघात बारीक कणांच्या कक्षा जाड कणांच्या कक्षांपासून वेगळ्या होत जातात. पृथ्वी हा प्रवाह ओलांडताना बारीक कणांचा दाट भाग तिला आधी लागतो, त्यामुळे दुर्बिणीतून दिसणाऱ्या अंधूक उल्कांचा भर डोळ्यांना दिसणाऱ्या भराच्या जवळपास एक दिवस आधी येतो. ३-४ जानेवारीच्या क्वाड्रंटिड्स या वर्षावातही असाच फरक आढळतो आणि तो चौदा तासांपर्यंत असू शकतो.

चंद्र आड येत नसेल तर दोन्ही रात्री बसावे, त्याच दोन क्षेत्रांकडे आणि तेवढाच वेळ. प्रत्येक सत्राच्या आरंभी व शेवटी द्विनेत्रीतून क्षेत्रातला सर्वांत अंधूक कोणता तारा दिसतो तेही लिहून ठेवावे. आकाशाची ही मर्यादा नोंदलेली नसेल, तर दोन रात्रींच्या आकड्यांतील फरक उल्कांमुळे पडला की हवेतील धूसरपणामुळे, हे नंतर कोणालाही ठरवता येणार नाही.